विश्रांत स्नायूतील प्रयत्न कोणाचा?

मनुष्य काहीच करत नसतो तेव्हा त्याचे शरीर काही करत असते का, आणि करत असेल तर त्या करण्याचा कर्ता कोण मानावा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी बारकाईने विचारला आहे. अर्वाचीन शरीरक्रियाशास्त्रही वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नापाशी पोहोचते. चांदूर रेल्वेच्या बाजारात दिवसभर तुरीची आणि सोयाबीनची पोती वाहणारा हमाल रात्री बाजेवर आडवा होतो, त्याचे काम, इच्छा आणि निश्चय ही तिन्ही थांबलेली असतात, तरी त्याच्या कमरेला हात लावणाऱ्याला ती कमर ताठ लागते. हा ताठरपणा त्या माणसाचा म्हणावा की त्याच्या मांसाचा, आणि दुसऱ्याच्या हाताने तो उतरत असेल तर तो हात नेमका कशाला पोहोचला, याचा निर्णय केवळ वैद्यकाने लागत नाही.

विश्रांतिकालीन स्नायुताण म्हणजे स्नायू हेतुपूर्वक आकुंचित केलेला नसतानाही दाबाला किंवा ताणण्याला तो जो प्रतिकार करतो तो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी मज्जारज्जूच्या प्रतिक्षेपांचा, म्हणजे इच्छेवाचून घडणाऱ्या प्रतिसादांचा, जो अभ्यास केला त्यानंतर मज्जातंतू विश्रांतीतही स्नायूला सतत मंद आज्ञा देत असतात आणि हा ताण त्या आज्ञांचेच फळ आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुढे स्नायूतील विद्युत्-हालचाल सुईने किंवा त्वचेवरील पट्टीने टिपण्याचे तंत्र आले, तेव्हा असे दिसले की निरोगी मनुष्य खरोखर सैल पडला असेल तर त्याच्या हातापायांच्या स्नायूंत विद्युत्-शांतता असते, आणि तरीही त्या स्नायूला काही ताण उरतोच. तो उरलेला ताण स्नायूच्या घडणीतून येतो: तंतूंमधील टायटिन नावाचे लवचिक प्रथिन, तंतूंभोवतीची संयोजी ऊतींची आवरणे, आणि स्थिर राहिल्याने घट्ट होण्याचा व हालचालीने सैल होण्याचा स्नायूचा स्वभाव. उलटपक्षी, भीती, वेदना किंवा वाईट आसन यांमुळे मनुष्य आडवा पडूनही सैल होत नाही, तेव्हा मज्जातंतूंच्या आज्ञा चालूच असतात. बाहेरून एकच वाटणारा ताठरपणा असा निदान दोन उगमांचा असतो, आणि बोटांना त्यांतील भेद सहजी कळत नाही.

ऑस्टिओपॅथी ही हाताने करावयाची उपचारपद्धती अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. स्टिल यांचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि वैद्य होते. १८६४ मध्ये मेंदूज्वराने स्टिल यांची तीन मुले दगावली, त्या दुःखानंतर तत्कालीन औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. शरीर हे ईश्वराने घडवलेले परिपूर्ण यंत्र आहे, बरे होण्यास लागणारे सर्व काही त्याच्यातच ठेवलेले आहे, आणि वैद्याने हाडे, सांधे व स्नायू यांतील अडथळा दूर करण्यापुरतेच काम करावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. या पद्धतीत सांध्याला झटका देणे, स्नायूला विरोधाविरुद्ध हलके आकुंचित करवून मग ताणणे, दुखऱ्या भागाला सुखकर स्थितीत काही काळ धरून ठेवणे, असे अनेक प्रकार पुढे वाढले. ईश्वराच्या कारागिरीवर एवढा भरवसा ठेवणाऱ्या पद्धतीत रुग्णाला पुन्हा पुन्हा दुरुस्तीसाठी यावे लागते यात थोडा विनोद आहे; परंतु त्या विनोदाआड खरी अडचण दडलेली आहे. उपचाराने ताण उतरतो तो किती आणि किती वेळ, हे मोजू जाता मिळणारे उत्तर फारसे भव्य नाही. स्नायूवर हलका यांत्रिक ठोका देऊन त्याची कंपने मोजणारी उपकरणे आता उपलब्ध आहेत आणि त्यांच्याद्वारे उपचारानंतर कडकपणात काही घट नोंदली जाते. मज्जारज्जूच्या प्रतिक्षेपाची तीव्रता मर्दन चालू असताना कमी होते आणि हात उचलल्यावर थोड्याच वेळात बव्हंशी पूर्वपदावर येते. सांध्याचा जो कडाका ऐकू येतो तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी निगडित आहे, हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही. बदल होतो, पण बहुधा लहान आणि अल्पजीवी. असे असता मनुष्याला दिवसदिवस बरे वाटते, ते कशामुळे?

येथे वैशेषिक दर्शनाची मदत घ्यावीशी वाटते, कारण त्याच्याकडे या प्रश्नासाठी जणू तयार खण आहेत. सुमारे सहाव्या शतकातील भाष्यकार प्रशस्तपाद यांनी प्रयत्न हा आत्म्याचा गुण मानून त्याचे दोन प्रकार केले: एक इच्छा किंवा द्वेष यांतून उपजणारा, आणि दुसरा केवळ जगण्यातून उपजणारा. पुढील नैयायिकांनी या दुसऱ्याला जीवनयोनी प्रयत्न म्हटले, म्हणजे जीवन हेच ज्याचे उगमस्थान आहे असा प्रयत्न. झोपलेल्या माणसाचा श्वास त्यानेच चालतो. तो प्रत्यक्ष जाणवत नाही, श्वासावरून त्याचे अनुमान करावे लागते. मज्जातंतूंच्या न थांबणाऱ्या मंद आज्ञांची जुनी कल्पना या प्रयत्नाशी विलक्षण जुळते. पण त्याच दर्शनाने संस्कार नावाचा आणखी एक गुण सांगून त्याचे तीन भेद केले: वेग, म्हणजे गतिमान वस्तूतील गती टिकवणारा गुण, भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला व पुढे स्मरणाला कारण होणारा ठसा, आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीत आणणारा गुण. हा तिसरा गुण स्पर्शयुक्त द्रव्यांत राहतो आणि त्याची उदाहरणे म्हणून प्रशस्तपाद धनुष्य, झाडाची फांदी, शिंग, दात, हाड, दोरा आणि वस्त्र यांची नावे घेतात. विद्युत्-शांत स्नायूत उरणारा ताण या यादीत बसतो. तेथे कोणी प्रयत्न करत नसते, आणि फांदीला जसे आत्म्याचे साहाय्य लागत नाही तसे त्यालाही लागत नाही.

स्टिल यांच्या ईश्वरवादाची उणीव या मांडणीपुढे स्पष्ट होते. त्यांनी द्रव्याचा गुण, जीवनाचा प्रयत्न आणि मनावरचा ठसा ही तिन्ही एकाच परिपूर्ण यंत्रात गोळा केली, त्यामुळे हाताखाली काहीही बदलले की ते सर्व शरीराच्या अंगभूत शहाणपणाच्या खाती जमा होऊ लागले. वैशेषिकांची विभागणी रूक्ष आहे, पण ती विचारते की बदल कोणत्या आश्रयात, म्हणजे गुण जेथे राहतो त्या वस्तूत, झाला. आणि प्रत्येक उपचाराला हा प्रश्न विचारणे इष्ट होय.

या भेदाची खडतर परीक्षा अमरावतीच्या तपोवनात पाहावयास मिळते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये वसवलेल्या त्या संस्थेत ज्यांची सेवा झाली त्या कुष्ठरुग्णांपैकी अनेकांच्या हातापायांच्या नसा रोगाने निकामी झालेल्या असत. नस मेली की स्नायूला आज्ञा पोहोचत नाही, म्हणून प्रयत्नाचा अंश संपतो आणि स्नायू आधी लुळा पडतो. तरीही निगा न राखल्यास पुढे बोटे आखडून वाकडी व ताठ होतात, कारण ऊतींची घडण बदलून आक्रसते. प्रयत्न शून्य आणि ताठरपणा पराकोटीचा, अशी ही अवस्था असते. अशा हातापायांना पाण्यात भिजवणे, तेल लावणे आणि बोटे दुसऱ्या हाताने हळूहळू सरळ करणे, हा कुष्ठसेवेतील सर्वमान्य क्रम आहे, आणि त्याचा उपयोग रुग्णाला तो स्पर्श जाणवत नसतानाही होतो. न जाणवलेला स्पर्शही द्रव्यावर काम करतो, हे येथे सिद्ध होते. मात्र ज्या समाजाने त्या हातांना वाळीत टाकले होते तेथे कोणी तरी ते हातात घेतले, हे रुग्णाला त्वचेने कळले नसले तरी डोळ्यांनी कळत होते, आणि त्या कळण्याचा परिणाम बोटांच्या कोनात मोजता येणार नाही.

योगदर्शनाने हाच प्रश्न साधनेच्या बाजूने घेतला. आसन सिद्ध होण्यासाठी पतंजलींनी प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्नाची सैल सोडणूक, हा उपाय सांगितला. कोणता प्रयत्न सैल करावयाचा, यावर टीकाकार वाचस्पतिमिश्र यांचे विवेचन लक्षणीय आहे: शरीर धरून ठेवणारा जो स्वाभाविक प्रयत्न, तो शिकवलेल्या आसनाला साहाय्य करत नाही, उलट आड येतो, म्हणून त्यालाच शिथिल करावयाचे. पण स्वाभाविक प्रयत्न इच्छेने सुरू झालेला नसेल तर इच्छेने तो थांबणार कसा, आणि थांबवण्याची धडपड हाही प्रयत्नच नव्हे काय? पतंजलींनी जोडीला सांगितलेली अनंत-समापत्ती, म्हणजे अनंताच्या ठिकाणी चित्त तल्लीन करणे, ही या कोंडीतून काढलेली आडवाट म्हणता येईल. चित्त अन्यत्र गुंतले की शरीरावरची पकड आपोआप सुटते. दुसऱ्याचा हात ही तशीच एक आडवाट आहे. मर्दन करून घेणारा स्वतः सैल होत नाही, तो सैल होण्याचे काम दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि हे स्वाधीन करणे ज्याला जमत नाही त्याची पाठ कुशल उपचारकाच्या हाताखालीही कडकच राहते.

दुसऱ्याच्या हाताचा परिणाम टिकत नाही, ही गोष्ट वऱ्हाडात तत्त्वज्ञानावाचूनही ठाऊक होती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामागे आखाड्याची जी जुनी परंपरा आहे, तिच्यात मालिश हा रोजचा भाग असतो. पहिलवानाचे अंग आज रगडले म्हणून उद्या रगडावे लागणार नाही, असे कोणताही वस्ताद म्हणत नाही. परिणाम अल्पजीवी आहे हे गृहीत धरूनच ती रीत बसलेली आहे. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या मालिशीचेही तसेच. कायमच्या दुरुस्तीचा दावा नसल्यामुळे मोजमापाने या रीतींचे काही बिघडत नाही, आणि या बाबतीत त्या कर्क्सव्हिलपेक्षा अधिक प्रामाणिक ठरतात.

हात उचलल्यावर काय उरते, याचा सर्वांत खोल विचार मात्र अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव पंथात आढळतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या दिनचर्येचे तपशील आहेत, त्यांत भक्तांनी केलेल्या मर्दनेचे आणि स्नानाचे उल्लेख येतात. परमेश्वर मानलेल्या पुरुषाचे अंगही चोळले जाते, ही त्या ग्रंथाची निःसंकोच मानवी बाजू होय. पंथाच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व भिन्न आहेत आणि जीव आपल्या बळावर मुक्त होत नाही, त्याला परमेश्वराचे सन्निधान लागते. बरे करणारी शक्ती आतच आहे असे म्हणणाऱ्या स्टिल यांच्या श्रद्धेच्या हे अगदी विरुद्ध टोक आहे. अवतार दृष्टीआड झाल्यावर पंथाने दोन गोष्टी जपल्या: ज्या जागांना व वस्तूंना त्याचा संबंध घडला होता त्यांचे वंदन, आणि नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण. स्पर्श संपतो, पण त्याचा ठसा स्मरणाने ताजा ठेवता येतो, असा याचा अर्थ. वैशेषिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे सारा भार भावना या संस्कारावर दिलेला आहे.

भावना कशाने दृढ होते, याची तीन कारणे प्रशस्तपाद देतात: अनुभवाची तीव्रता, त्याची पुनरावृत्ती आणि त्याविषयीचा आदर. तीव्रतेचे त्यांचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. दक्षिणेकडच्या माणसाला उंट दिसावा आणि त्या नवलाचा ठसा पक्का बसावा, तसे ते होते. सांध्याचा कडाका हा पाठदुखीच्या रुग्णाला दिसलेला उंटच होय. पुनरावृत्ती आखाड्याकडे आहे. आदराचे उदाहरण वऱ्हाडातील, किंबहुना महाराष्ट्रभरातील, एका समजुतीत सापडते: कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने, तेथे पाय लावावा. त्या पायात दाब नसतो, कौशल्य नसते, शरीररचनेचे ज्ञान तर नसतेच. पायाचा स्पर्श मुळात अर्थहीन नसतो हेही लक्षात घ्यावे. चांदूर रेल्वे तालुक्यातील सावंगा विठोबा येथे गुढीपाडव्याला देव आणि भक्त या नावांच्या उंच झेंड्यांना नवी खोळ चढवताना त्यांना पाय लागू न देण्याचा दंडक आहे. जो स्पर्श एके ठिकाणी मर्यादाभंग ठरतो तोच दुसरीकडे उपाय ठरतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचे बळ दाबात नसून मानण्यात असते.

ऑस्टिओपॅथीच्या चाचण्यांत तुलनेसाठी जो गट असतो त्याला पुष्कळदा तंत्राविना केवळ हलका स्पर्श दिला जातो आणि त्यास लटका उपचार म्हणतात. खऱ्या आणि लटक्या उपचारांच्या परिणामांत अंतर थोडे निघाले की एक पक्ष पद्धतीला निरर्थक ठरवतो आणि दुसरा चाचणीत दोष काढतो. स्थितिस्थापकाच्या दृष्टीने तो हलका स्पर्श लटका आहे यात शंका नाही, कारण त्याने ऊतींची घडण हलत नाही. भावनेच्या दृष्टीने तो पायाळूच्या पायाइतकाच खरा आहे, आणि भावना बदलल्याने भीती ओसरून मज्जातंतूंच्या आज्ञा मंदावत असतील तर स्नायूतील प्रयत्नाचा अंशही त्याने बदलू शकतो. दोन गटांतील अंतर म्हणून जे मोजले जाते ते केवळ तंत्राने भर घातलेल्या भागाचे माप असते. हमालाची कमर सैल झाली की नाही, हा प्रश्न त्या मापाच्या बाहेर राहतो.