कल्याणहून पुढे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४.

परवा एका ताईचा मेसेज आला. नोकरी बदलली, शिफ्ट बदलली, रोजचा जप सुटला. चार महिने झाले. आता परत पहिल्यापासून सुरू करायची लाज वाटते, म्हणाली. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला महालक्ष्मी एक्स्प्रेस म्हणजे घरची गाडी. रात्री मुंबईत बसायचं. सातारा, कराड, सांगली, जिथे घर तिथे उतरायचं. २६ जुलै २०१९ च्या रात्री ती निघाली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे १,०५० माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. रेल्वेने विनवलं, खाली उतरू नका, डब्यातच थांबा. चहूकडे पाणी दिसत असताना नुसतं बसून राहणं किती कठीण असेल! दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, स्थानिक माणसं, सगळे धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. त्याच दिवशी त्यांच्यासाठी १९ डब्यांची खास गाडी ठरली, मनमाड, दौंड, मिरज अशा लांबच्या वाटेने कोल्हापूरला.

ती सुटणार होती कल्याणहून. परत मुंबईला जाऊन पहिल्यापासून बसा, असं कुणी म्हणालं नाही.

अर्जुन हेच तर विचारतो. श्रद्धा आहे, पण मन ढळलं, साधना अर्धवट राहिली. असा माणूस फुटलेल्या ढगासारखा ना इकडचा ना तिकडचा होऊन विरून जातो का? भगवंत रागवत नाहीत. 'तात' म्हणून हाक मारतात, लेकराला मारावी तशी. चांगल्या वाटेला लागलेल्याची दुर्गती होत नाही म्हणतात, आणि तिथे शब्द येतो तो नेमका 'कल्याण'! (योगायोग म्हणा, पण मला हसू आलं.) पुढे तर सांगतात, देह बदलला तरी आधीची कमाई त्याला परत मिळते आणि तिथूनच तो पुढे निघतो.

आता खरं बोलायचं तर ती माणसं पुरामुळे अडकली होती. आपण बऱ्याचदा मोबाईलमुळे अडकतो. माझंही गेल्या श्रावणात तेच झालं. पण भगवंतांनी इथे कारण विचारलेलं नाही.

ताई, देह बदलूनही जी कमाई जात नाही, ती शिफ्ट बदलल्याने कशी जाईल? माळ कुठे ठेवली आहेस? आज शोध. अकरा वेळा झालं तरी चालेल. झालं की मेसेज कर.