सभेचे भय आणि स्वाभिमान



वस्तीतला एखादा मुलगा पदवी घेतो, लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवतो आणि मुलाखतीच्या खोलीत शिरताच त्याची वाचा बसते. घसा कोरडा पडतो, हात घामेजतात, येत असलेले उत्तरही सुचत नाही. ‘राहता कुठे?’ या साध्या प्रश्नालाच तो अडखळतो. पूर्व नागपुरातल्या नंदनवन झोपडपट्टीतला तरुण नुसते ‘नंदनवन’ म्हणतो आणि पुढचा शब्द गिळतो. नंदनवनात पक्क्या घरांचे लेआऊटही आहेत. ऐकणाऱ्याने तोच समज करून घ्यावा, एवढीच त्याची धडपड. असे तरुण तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्हीच त्यांपैकी एक असाल. हे भय येते कुठून आणि जाते कसे?

पहिली गोष्ट ही की, भित्रेपणा रक्तात नसतो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. चारचौघांत आपण नकोसे आहोत, हा धडा आपल्या पूर्वजांना पाण्यावर, रस्त्यावर, देवळाच्या दारात रोज मिळत होता. खाली पाहणे आणि हळू बोलणे हा जीव वाचवण्याचा उपाय होता. अन्याय करणाऱ्याला वाटायला हवी होती ती लाज अन्याय सोसणाऱ्याच्या अंगात मुरली. परिस्थिती पालटली तरी अंगातली सवय मागे राहते. म्हणून मुलाखतीत थरथरणाऱ्या तरुणाला ‘भित्रा’ म्हणून हिणवणे हे अज्ञान आहे.

पण शिकवलेले भय पुसताही येते, याचे दाखले याच नागपुरात आहेत. जाईबाई चौधरी डोक्यावर ओझी वाहून पोट भरत. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिक्षिकेचे काम दिले. ‘अस्पृश्य’ शिक्षिका चालत नाही, म्हणून लोकांनी ते घालवले. तेव्हा जाईबाईंनी स्वतःच मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांना जेवायला वेगळे बसवण्यात आले. आपल्या स्त्रियांनी तो अपमान मुकाट गिळला नाही. सभा भरवून जाहीर निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव तिथे झाले. त्या काळच्या आपल्या बायांपुढे बोलण्याचे धडे देणारे कोण होते? त्यांच्यापाशी दोनच गोष्टी होत्या: बोलायला खरे कारण आणि पाठीशी उभ्या असलेल्या भगिनी.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. अंगुत्तरनिकायाच्या नवक निपातात तथागतांनी पाच भये सांगितली आहेत: उपजीविकेचे, दुष्कीर्तीचे, सभेचे, मरणाचे आणि दुर्गतीचे. सभेच्या भयाला पालीत ‘परिससारज्जभय’ म्हणतात. चारचौघांपुढे जीभ टाळूला चिकटणे तथागतांनी क्षुल्लक मानले नाही. मरणाच्या भयाच्या पंक्तीला बसवले. त्यावर त्यांनी चार बले सांगितली: प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल.

यावर कोणी विचारील, धम्म तर अनात्मवादी. मग स्वाभिमान वाढवा असे धम्माच्या नावाने कसे सांगता? शंका रास्त आहे. धम्मात ‘मान’ हा क्लेश आहे आणि तो तीन प्रकारचा आहे: मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. तिसरा प्रकार ध्यानात घ्या. स्वतःला हीन समजणे ही नम्रता नव्हे; तोही मानच, कारण तिथेही दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजणे चालूच असते. मग बरोबरीचा मान क्लेश कसा, आपण तर समतेची प्रतिज्ञा घेतली? प्रतिज्ञेतली समता मोजून ठरलेली नाही. ती मोजण्यालाच दिलेला नकार आहे. बाबासाहेबांनी शिकवलेला स्वाभिमान तो हाच. संयुत्तनिकायात एक देवता म्हणते की ज्याने देवांचे नंदनवन पाहिले नाही त्याला सुख कळले नाही. दुसरी देवता तिला सर्व संस्कार अनित्य असल्याची आठवण देते. पत्त्यावरून स्वतःची किंमत ठरवणाऱ्या देवतेलाही जिथे ऐकून घ्यावे लागले, तिथे आपण आपला पत्ता का गिळावा?

आता ती चार बले व्यवहारात आणू. भय कुणी शिकवले हे ओळखणे, ही प्रज्ञा. भीत भीत का होईना, आज एक वाक्य, उद्या पाच वाक्ये बोलणे, हे वीर्य. भीती टाळली की वाढते आणि पायरीपायरीने सामोरे गेले की ओसरते, असे आजचे मानसोपचारही सांगतात. निर्दोष आचरण हे अनवद्यबल. पाटलिग्रामच्या गृहस्थांना तथागतांनी सांगितले की शीलवान माणूस कोणत्याही सभेत निःसंकोच प्रवेश करतो. लपवण्याजोगे काही केलेच नसेल, तर झोपडी लपवण्याचे कारण काय?

चौथे संग्रहबल म्हणजे दान, प्रियवचन, हिताचे वर्तन आणि समभाव. सभेच्या भयावर दानाचा उपाय कसा? भ्यालेल्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःवर असते: मी कसा दिसतो, लोक काय म्हणतील? माझ्या बोलण्याने समोरच्याचे काय हित होईल, असा विचार सुरू झाला की ते लक्ष बाहेर वळते आणि भयाची धार कमी होते.

हे बल ऐकणाऱ्यांनाही हवे. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एखादी भगिनी अडखळत वाचते आणि मागे कोणीतरी हसते. ते हसणे जुन्या गोणपाटाचेच काम करते. ती पुन्हा पुढे येत नाही. तिची मुलगीही येत नाही. समतेच्या प्रतिज्ञा म्हणणाऱ्या सभेत असे होत असेल, तर दोष वाचणारीचा नाही, सभेचा आहे.

एक इशाराही द्यायला हवा. हे भय इतके वाढले की माणूस शाळा सोडतो, नोकरी सोडतो, घराबाहेर पडत नाही, तर तो आजार समजावा. शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाण्यात कमीपणा नाही. ताप आल्यावर आपण अंगारा लावत बसत नाही. इथेही बसू नये.

तेव्हा वाचक हो, येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा आजवर कधीही न बोललेल्या एकाला पाच मिनिटे द्या. तो अडखळला तर थांबा. हसू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याचे त्यालाच पुरे करू द्या. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर उभे राहा, नाव सांगा आणि पत्ता पूर्ण सांगा.

जयभीम!