गादीवाफा

बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ एकही व्यवहार केला नाही, की ते खातं ‘निष्क्रिय’ ठरतं. पैसे जागच्या जागी असतात, व्याजही पडत असतं, पण खातं आपलं झोपलेलं. दहा वर्षं उलटली, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. हे नियम मी काउंटरवरून हजारदा सांगितले असतील. त्यांचा घरच्या बागेशी संबंध आहे, हे कळायला मात्र मला एक अख्खा पावसाळा लागला.

आमच्या नागपूरची काळी माती मोठी लहरी. पावसाळ्यात माणसाला चपलेसकट धरून ठेवते आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला, की अशी भेगाळते की खाली पडलेला रुपया पुन्हा दिसत नाही. अशा मातीत रोज राबायला हवं. आणि मी पडलो कॉमर्सचा पदवीधर! कमीत कमी गुंतवणूक आणि जास्तीत जास्त परतावा, एवढंच शिकलेला. त्यामुळे ‘पर्माकल्चर’ हा शब्द वाचनात आला आणि आपला गुरू भेटला असं वाटलं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या जोडीने 1978 साली ऑस्ट्रेलियात यावर पुस्तक काढलं. मला त्यातलं समजलं ते असं: जंगलाला कोणी पाणी घालत नाही, खुरपत नाही, तशी एकदा रचना करा आणि बाजूला व्हा. बाजूला होणं मला उत्तम जमतं.

जपानचे फुकुओका आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांचंही थोडं वाचलं. पाळेकरांच्या जीवामृतात शेण-गोमूत्राबरोबर गूळ आणि बेसन लागतं. मी बेसनाच्या डब्याला हात घालताच बायको म्हणाली, “त्याच्या पाटोड्या होतील. झाडांना शेणच घाला.”

एका रविवारी विटा रचून गादीवाफा केला. चार फूट रुंद, म्हणजे दोन्हीकडून मध्यापर्यंत हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. तळाशी गवत दाबायला पुठ्ठे, वर वाळका पाला, शेणखत, माती आणि शेवटी पुन्हा पाल्याचं पांघरूण. उंचीमुळे पावसाचं पाणी साचत नाही आणि पांघरुणामुळे ओल उडत नाही. त्यात सांबार, वांगी आणि चवळी लावली.

आई व्हरांड्यात खुर्चीवर बसून पाहत होती.

“काय करून राहिला रे?”

“वाफा. एकदा केला की त्याचं काही करावं लागत नाही.”

“बरं आहे बाप्पा,” आई म्हणाली, “माझ्यासारखाच.”

मी हसलो. मग आठवलं, कोणीही आईची चौकशी केली की मी अभिमानाने हेच सांगतो: “एकदम छान. तिचं काही करावं लागत नाही.”

वाफा खरंच आपोआप चालला. श्रेय मी निसर्गाला देऊन टाकलं. ऑगस्टमध्ये आई आठ दिवस ताईकडे वर्ध्याला गेली आणि निसर्गाचं बिंग फुटलं. चवळीवर मावा आला, गोगलगायींनी सांबाराचा फन्ना उडवला. चौकशीअंती कळलं, की आई रोज उन्हाआधी उठून गोगलगायी वेचायची आणि माव्याचे शेंडे खुडायची. मला ती कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की ज्याला काळजी कमी लागते, त्याची काळजी कमी करावी का? नीट रचनेने कष्ट वाचतात, त्यात काही पाप नाही. पण वाचलेला वेळ कुठे जमा करायचा? ‘देखभाल’ या शब्दात आधी ‘देख’ आहे. भाल कमी करता येते. देख कमी केली, की मावा येतो. मॉलिसनसाहेबांनी नीतीची तीन सूत्रं सांगितली आहेत: भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि जास्तीचं वाटून टाकणं. मी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारून शेजाऱ्यांना वांगी वाटत फिरत होतो.

हल्ली सकाळी मी आईशेजारी दुसरी खुर्ची टाकतो. दहा मिनिटं दोघं वाफ्याकडे पाहतो. ती गोगलगाय दाखवते, मी उचलतो.

“बँकेत जायचं नाही का? बसून काय राहिला?” ती विचारते.

“काही नाही,” मी म्हणतो, “खातं चालू ठेवून राहिलो.”