लहरी चढाईपटू: पहिल्या सातांत की राखीव?

भिवंडी तालुक्यातल्या वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात आता भातखाचरांपेक्षा गोदामे जास्त दिसतात. तरीही थंडीच्या रात्री प्रकाशझोत लागले की कबड्डीच्या मैदानाभोवती गर्दी होतेच. अशा गर्दीत एका प्रकारच्या पोरावरून हमखास दोन तट पडतात. चालला तर एका चढाईत तिघांना मारून येतो. नाही चालला तर पहिल्याच चढाईत कोपरारक्षकाच्या हाती घोटा देऊन बाहेर जाऊन बसतो. त्याला पहिल्या सातांत उतरवायचे की राखीव ठेवायचे? वाद बहुधा मागच्या सामन्यावर मिटवला जातो. काल खेळला, तर आज घ्या. काल पडला, तर बसवा. मला ही पद्धतच चुकीची वाटते. खेळाचा नियम अपयशाची काय किंमत लावतो आणि समोरचा संघ आपल्यापेक्षा किती तगडा आहे, या दोन गोष्टींवर हा निर्णय ठरायला हवा. कालच्या सामन्याचा नंबर त्यानंतरचा.

या प्रश्नाची सर्वांत जास्त चर्चा बास्केटबॉलमध्ये झाली आहे. अमेरिकेच्या एनबीएमध्ये 1982-83च्या हंगामापासून उत्तम राखीव खेळाडूला, म्हणजे ‘सहाव्या’ खेळाडूला, स्वतंत्र पुरस्कार मिळतो. डेट्रॉइट पिस्टन्सच्या व्हिनी जॉन्सनला तर ‘मायक्रोवेव्ह’ म्हणत, कारण बाकावरून उठला की तो क्षणात तापायचा. 1990च्या अंतिम मालिकेत पोर्टलँडविरुद्ध अवघे 0.7 सेकंद उरले असताना त्याच्याच फेकीने विजेतेपद निश्चित केले. सॅन अँटोनियोचा मनू जिनोबिली सामन्याची सुरुवात बाकावर करायचा आणि शेवट मैदानावर.

हेच सूत्र कबड्डीला लावावे, असे म्हणणारे प्रशिक्षक भेटतात. इथे जरा थांबायला हवे. बास्केटबॉलमध्ये फेक हुकली तर चेंडू जातो, खेळाडू मैदानावरच राहतो. त्याचा दिवस नसेल तर त्याला हाताला धरून बाहेर काढावे लागते, आणि ते काम प्रशिक्षकाचे. कबड्डीत ते काम नियमच करून टाकतो.

आपल्याकडे पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे कबड्डीचे तीन प्रकार खेळले जात. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडत नसे. फक्त प्रतिपक्षाला गुण मिळे. गामिनीत एकदा बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत आपण प्रतिपक्षाचा एक गडी टिपला की आपला एक गडी आत येतो, आणि आजची कबड्डी याच वळणाची आहे. तोच लहरी पोरगा या तिन्हींत घालून पाहा. अमरमध्ये त्याला बिनघोर उतरवावे. तो बास्केटबॉलच्या नेमबाजासारखाच, हुकला तरी पुढची संधी आहेच. गामिनीत त्याला सुरुवातीला उतरवणे म्हणजे वेडेपणा. संजीवनीत उत्तर मधले आहे, म्हणून वादही इथेच जास्त. पकड झाली की प्रतिपक्षाला गुण मिळतो, त्यांचा बाहेरचा एक गडी आत येतो, आपला एक कमी होतो; आणि हा पठ्ठ्या पुन्हा कधी आत येणार, हे इतरांच्या पराक्रमावर अवलंबून राहते. वर बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. म्हणजे संयमी जोडीदाराने बोनसमागून बोनस आणले, तरी आपला हुकमी गडी बाहेरच बसून राहतो.

मुळात ‘आज याचा दिवस आहे’ ही गोष्ट खरी असते का? 1985 साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियाच्या संघाच्या फेकी तपासल्या. त्यांनी विचारलेल्या बास्केटबॉलप्रेमींपैकी 91 टक्के लोकांचा ठाम विश्वास होता की दोन-तीन फेकी लागलेल्या खेळाडूची पुढची फेक लागण्याची शक्यता वाढते. आकड्यांत तसे काही सापडले नाही. पुढे 2018 साली मिलर आणि सांहुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मोजणीतच दोष दाखवला; तो दुरुस्त केला की लय थोडीफार दिसते. मी यातून एवढेच घेतो, की लय असेलही, पण आपल्या डोळ्यांना ती असते त्याहून मोठी दिसते. कबड्डीत तर समोरचे सात जणही शिकत असतात. पहिल्या दहा मिनिटांत त्याची चाल कळली की मध्यरक्षक त्याच बाजूला पाय रोवतो. याउलट बाकावरच्या चढाईपटूला कोणता कोपरा घाई करतो, हे फुकटात पाहायला मिळते.

मग राखीव ठेवण्याकडे कल जावा? पवन सेहरावतची गोष्ट आड येते. 2017च्या प्रो कबड्डीत गुजरातकडे तो बहुतेक वेळ बाकावरच होता. पुढच्या हंगामात बंगळुरूने त्याला पहिल्या सातांत घेतले, भरपूर चढाया दिल्या आणि त्याने 271 चढाई गुण कमावले. 5 जानेवारी 2019 रोजी मुंबईत अंतिम सामना झाला, तो नेमका गुजरातशीच. त्यात एकट्या पवनचे 22 गुण होते. बंगळुरू 38-33 जिंकले. त्याच हंगामात कोल्हापूरच्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पहिल्यांदाच खेळला आणि 218 चढाई गुण घेऊन गेला. त्याला कुणी ‘आधी जरा बस, बघ’ म्हटले असते तर? बाकावरून एखाद-दुसरी चढाई मिळणाऱ्या पोराची कुवत कळत नाही. फक्त त्या एका चढाईचे नशीब कळते.

प्रो कबड्डीत मात्र हंगाम लांब असतो, एक वाईट रात्र भरून निघते. गावच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरलात की घरी. इथे समोरचा संघ कोण, हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. समोर पोलीस, बँक, रेल्वे असा पगारी, रोज सराव करणारा संघ असेल, तर शांतपणे खेळून गावचा संघ पाच-सहा गुणांनी हरणारच आहे. त्याला उलथापालथ हवी, आणि ती हा लहरी पोरगाच घडवू शकतो. तो पडला तर सहाऐवजी पंधरा गुणांनी हराल. बाद फेरीत दोन्ही पराभव सारखेच. आपण तगडे असू तेव्हा गणित उलटते: तेव्हा उलथापालथ आपल्या मुळावर येते, म्हणून त्याला मध्यंतरानंतरसाठी राखावे.

अडचण आहे ती मानापमानाची. आपल्याकडे बाकावर बसवणे ही शिक्षा समजली जाते. घरची माणसे रुसतात, भावकी बोलते, बक्षिसाचा पुरस्कर्ता आपल्या पुतण्याचे नाव पुढे करतो. दिवसभर गोदामात माल चढवून सरावाला आलेल्या पोराला राखीव सांगितले की दुसऱ्या दिवशी तो येतच नाही. त्यात त्याचा दोष काय? त्याला कारण कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून माझा कौल असा. बलाढ्य संघासमोर त्याला पहिल्या सातांत घ्या आणि दोनदा पकडला गेला तरी काढू नका. बरोबरीच्या किंवा दुबळ्या संघासमोर राखीव ठेवा. पण दुसऱ्या डावात कितव्या मिनिटाला उतरवणार, ते सामन्याआधी त्याला सर्वांसमोर सांगा आणि गुणफलक काहीही म्हणत असला तरी तो शब्द पाळा. आणि मंडळांनी एक वही ठेवावी. तिच्यात त्याने आणलेल्या गुणांबरोबर झालेल्या पकडी, रिकाम्या हाताने परतलेल्या चढाया आणि समोरचा संघ कोणता होता, हेही लिहावे. वर्षभराची अशी वही समोर असेल, तर पुतण्याचे नाव पुढे करणाऱ्यालाही उत्तर देता येईल.