उघडे डोळे, शांत चेहरा





रास तनुरात वसंत पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. हिवाळ्यात चार सरी पडल्या की गावाबाहेरच्या वाळूत हिरवे कोंब दिसतात, अरफजच्या झुडपांना पिवळी फुले येतात, स्थानिक कुटुंबे तंबू घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात. मे उजाडेपर्यंत सारे करपलेले असते. आपल्या घरांत मात्र हेच दिवस लगबगीचे. मुले भीमजयंतीसाठी चित्रे काढू लागतात, भाषणे पाठ होतात, कोणाकडे जमायचे ते ठरते. इथे विहार नाही. ज्याच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली जाईल, तोच त्या शुक्रवारचा विहार.

अशाच एका शुक्रवारी सकाळी मी रागाने धुमसत होतो. आदल्या रात्री एका मराठी कुटुंबाकडे जेवण होते. गप्पांमध्ये एका गृहस्थांनी आडनाव विचारले, मग गाव, मग तालुका, आणि शेवटी, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" हा प्रश्न तुमच्याही ओळखीचा असेल. समुद्र ओलांडून आलो तरी तो सामानात कुठेतरी बांधलेला असतोच. मी गावाचे नाव पुन्हा सांगितले आणि हसलो. त्यांच्या प्रश्नापेक्षा माझे ते हसणे मला रात्रभर बोचत राहिले. सकाळी आनापानाला बसलो, पण श्वासावर लक्ष टिकेना. जी उत्तरे द्यायला हवी होती, ती एकामागून एक डोळ्यांपुढे येत होती.

माझ्या आत दोन माणसे भांडत होती. एक म्हणत होता, बापजाद्यांनी सोसले ते तू असे हसून गप्प बसावे म्हणून का? दुसरा म्हणत होता, तू पंचशील घेतले आहेस, मैत्रीभावना करतोस, मग हा द्वेष कुठला? तुम्हीही या दोघांना ओळखता. आपल्यातले काही जण पहिल्यालाच खरा आंबेडकरी मानतात आणि दुसऱ्याला पळपुटा म्हणतात. काही जण दुसऱ्यालाच खरा बौद्ध मानतात आणि पहिल्याला सांगतात, जुने उगाळू नका. मला वाटते, या दोघांपैकी एकाला घराबाहेर काढले की उरलेलाही खोटा होतो. नुसता राग माणसाला पोखरतो, आणि अन्याय न पाहणारी शांती ही फक्त झोप असते.

सतिपट्ठान सुत्तात चित्तानुपश्यनेचा भाग आहे. द्वेष असलेले चित्त असेल तर ते तसे आहे हे साधकाने जाणावे, द्वेष नसलेले असेल तर तेही जाणावे, असे तथागत सांगतात. द्वेष धरून ठेवावा असे ते कुठेही म्हणत नाहीत. पण तो दिसण्याआधीच झाकावा, असेही म्हणत नाहीत. आधी पाहायचे. अडचण एवढीच की डोळे मिटून बसल्यावर माझ्यासारख्याला ते दिसत नाही. विचारांची गर्दी फार होते.

त्या दिवशी माझी मदत केली ती मुलीच्या रंगपेटीने. जयंतीच्या फलकासाठी तिला बुद्धाचा चेहरा हवा होता. "बाबा, तुम्हीच काढा." मी बसलो. मिटलेले डोळे सोपे असतात, दोन कमानी काढल्या की झाले. पण तिला उघडे डोळे हवे होते, कारण बाबासाहेबांनी उघड्या डोळ्यांचा बुद्ध काढला होता, हे तिने आपल्याच बालवर्गात ऐकले होते.

उघडे डोळे काढून पाहा, म्हणजे कळेल. पहिल्या कागदावरचा बुद्ध माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. भुवया खाली आल्या होत्या, ओठ आवळले होते. तो आदल्या रात्रीचा मीच होतो. दुसऱ्या कागदावर मी भुवया वर नेल्या, तर चेहरा गोड पण बावळट झाला. तोही मीच होतो, गावाचे नाव सांगून हसणारा. तिसऱ्या वेळी मी हात थांबवला आणि पाहिले की पेन्सिल किती घट्ट धरली आहे, जबडा किती आवळला आहे. श्वासावर न टिकणारे लक्ष त्या पेन्सिलीच्या टोकावर टिकले. रागही जागेवर होता आणि शांत व्हायची इच्छाही. त्यांना एकमेकांशी लढवायचे काम तेवढे थांबले. तिसरा चेहरा सुंदर झाला नाही, पण तो समोरच्याला पाहत होता.

बाबासाहेबांनी असा बुद्ध का काढला असेल, हे मला त्या दिवशी थोडे उमगले. जग पाहणारा, लोकांत चालणारा बुद्ध त्यांना हवा होता. 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणारा, आजाराने थकलेला हा माणूस उत्तरायुष्यात व्हायोलिनही शिकत होता. त्याला आपण विरंगुळा म्हणून सोडून देतो. मला तो साधनेचा भाग वाटतो. सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेचाच दाखला दिला होता. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही.

पण मग रागाचे पुढे काय करायचे? अंगुत्तर निकायात लेख सुत्त आहे. त्यात तीन प्रकारची माणसे सांगितली आहेत. एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा जमिनीवर ओढलेल्या रेघेसारखा, तिसऱ्याचा पाण्यावर काढलेल्या रेघेसारखा. तिसरा माणूस कठोर बोलणे ऐकूनही मैत्री सोडत नाही. हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात विरोध उठतो, माझ्याही उठला. आपल्यावर झालेला अन्यायही पाण्यावरच लिहायचा का?

याचे उत्तर मला 1927 या एका वर्षात सापडले. 1 जानेवारीला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले. तिथे सैनिकांची नावे दगडात कोरलेली आहेत. वसंतात, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यापाशी गेले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली. उलट वार करायला आपले लोक तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. म्हणून ते काही विसरले नाहीत. तळ्याचा दावा त्यांनी दहा वर्षे लढवला आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. अन्यायाची नोंद दगडावर, द्वेष मात्र पाण्यावर. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वेळी.

वसंताशी याचे आणखी एक नाते आहे. थेरगाथेत काळुदायी स्थविर वसंताचे वर्णन करतात. जुनी पाने टाकून झाडे निखाऱ्यासारखी लाल झाली आहेत, थंडी फार नाही, ऊनही फार नाही. आणि मग ते भगवंतांना विनवतात की रोहिणी ओलांडून आपल्या माणसांत चला. ज्या रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय युद्धाला उठले, ज्या युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यासाठी घर सोडले असे बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगतात, तीच ही नदी. जिथे दुखावले गेलो तिथेच परत जायचे, पण द्वेष न घेता. मला वसंत म्हणजे हे वाटते.

तेव्हा या मोसमात एवढे करून पाहा. आठवड्यातून एकदा, पाळी नसेल त्या दिवशी, वीस मिनिटे काढा. चित्र, गाणे, ओवी, शिवण, काहीही चालेल, फक्त हाताने करायचे असावे. हात कुठे आवळतो आणि कुठे सैल पडतो, ते पाहा. चांगले झाले की नाही, हा प्रश्न नको. मोबाईलवर कोणाला पाठवूही नका. आणि मन दुखावणारे काही घडले असेल तर दोन ठिकाणी लिहा. वहीत तारीख, जागा आणि नेमके शब्द लिहा. ही नोंद ठेवायची आहे. मग किनाऱ्यावर जा, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मनातला राग जसा येईल तसा लिहा, आणि लाट येईपर्यंत तिथेच उभे राहा. निघून जाऊ नका. पुसले जाताना पाहणे हीच साधना आहे.

कोणी म्हणेल, ज्याला उत्तर देता आले नाही त्याचे हे समाधान आहे. ती शंका मलाही होती. म्हणून पुढच्या भेटीत मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत. त्या दिवशी तुम्ही विचारले ते जातीसाठी असेल, तर मला तो अपमान वाटला." आवाज चढला नाही, आणि मी हसलोही नाही. ते थोडे गोंधळले, म्हणाले, "तसे मनात नव्हते." होते की नव्हते, ते त्यांना ठाऊक. आमची फार मैत्री झाली नाही, पण भेटलो की मी त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलतो.

तो तिसरा कागद मुलीने फलकावर लावला आहे. एक डोळा थोडा मोठा झाला आहे. जयंतीला याल तेव्हा पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!