साक्षात्कार की शोध?

'साक्षात्कार' हा शब्द आपण किती सहज वापरतो! अभ्यास राहून गेल्याचा साक्षात्कार विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री होतो. कल्याण स्टेशनवर हिंदी वर्तमानपत्र चाळणारा उमेदवार नोकरीच्या मुलाखतीला 'साक्षात्कार' म्हणतो. कीर्तनात हाच शब्द देवदर्शनासाठी येतो. मराठी बायबलातील शेवटच्या पुस्तकाचे नाव 'प्रकटीकरण' आहे. माणसाला आपल्या बुद्धीने जे कळणार नाही ते ईश्वराने उघड करून दाखविले, हा त्यातील भाव. वेदांना 'अपौरुषेय' म्हणणारे मीमांसक याहीपुढे जातात. त्यांच्या मते त्या शब्दांना कर्ताच नाही, ना माणूस, ना देव.

शब्दांचा हा कीस कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या शब्दांनी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे जिणे ठरविले. पुरुषसूक्तात शूद्राचा जन्म पायांपासून झाल्याचे सांगितले आहे. हे एखाद्या माणसाचे मत म्हणून पुढे आले असते, तर त्याला पुरावा मागता आला असता. ते अपौरुषेय ठरले आणि पुरावा मागणे हेच पाप झाले. ज्या शब्दाचा कर्ता माणूस नाही, तो दुरुस्त करण्याचा अधिकारही माणसाला उरत नाही.

टॉमस पेन यांनी १७९४ साली 'एज ऑफ रीझन' या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. देव कोणा एकाशी बोलला असे घटकाभर मानले, तरी तो साक्षात्कार त्या एकापुरताच असतो. त्याने दुसऱ्याला सांगितले की ती ऐकीव गोष्ट होते. याच पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले होते.

आता आपल्या परंपरेकडे या. 'साक्षात्' म्हणजे डोळ्यांसमोर. 'साक्षी' हा त्याच घरातला शब्द. धम्मचक्कपवत्तन सुत्तात चार आर्यसत्यांबरोबर चार कामे सांगितली आहेत. दुःख पुरते जाणावयाचे, त्याचे कारण सोडावयाचे, मार्गाचा अभ्यास करावयाचा, आणि दुःखनिरोध हा 'सच्छिकातब्ब', म्हणजे साक्षात करावयाचा. व्याकरणाकडे लक्ष द्या. मराठीत साक्षात्कार 'होतो'. माणूस नुसता घेणारा असतो. पालीत तो 'करावयाचा' असतो, आणि तोही ऐकणाऱ्याने स्वतः. एकाच मुळातून निघालेल्या शब्दांत केवढे हे अंतर!

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बोधिवृक्षाखाली बुद्धही एकटेच होते. मग त्यांची बोधी हाही साक्षात्कारच नव्हे काय? याचे उत्तर एका गणितज्ञाच्या उदाहरणाने देता येईल. रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरी देवीला देत. पण गणिताच्या जगाने ती सूत्रे देवीच्या नावावर स्वीकारली नाहीत. सिद्धता तपासली, जे टिकले ते ठेवले आणि जे चुकले ते चूक म्हटले. विचार कोठून आला हा प्रश्न दुय्यम आहे. तो तपासण्याची मुभा दुसऱ्याला आहे की नाही, हा खरा प्रश्न. कालामांना बुद्धांनी हीच मुभा दिली आणि तिच्यातून स्वतःचे वचनही वगळले नाही.

ही गोष्ट आपल्या भागातील दगडावरही कोरली गेली होती. सोपारे आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. इतरत्र पूर्ण सापडलेल्या या लेखात, राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी राजा संबोधीला गेला, असे सांगितले आहे. त्याच्या धम्मयात्रेत काय होई? वृद्धांची भेट, खेड्यांतील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्मासंबंधी पृच्छा. आकाशवाणीचा तेथे उल्लेख नाही.

मग आपल्याच वस्तीत 'बाबासाहेबांना बुद्धाचा साक्षात्कार झाला' असे कोणी म्हणतो, तेव्हा काय होते याचा विचार करा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा. मधली एकवीस वर्षे त्यांनी ग्रंथ वाचले, धर्म पारखले. १९३६ साली मुंबईच्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी धर्मांतराची कारणे लोकांपुढे एकेक करून मांडली. 'बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत; आणि धम्म हा ईश्वरी संदेश नसून मानवी जीवनाच्या चौकशीतून लागलेला शोध आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. हे सारे 'साक्षात्कार' या एका शब्दात गुंडाळले, तर गौरव होत नाही; त्यांची मेहनत पुसली जाते. शिवाय त्या वाटेने आपण जाण्याचे कारणही संपते, कारण साक्षात्कार थोरांना होतात, आपण फक्त हात जोडायचे!

बांधवांनो, वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. 'या आणि पाहा' असा त्याचा अर्थ. विहारात एखादी मुलगी उठून 'हे खरे कशावरून?' असे विचारील, तर तिला खाली बसवू नका. तिच्याबरोबर ग्रंथ उघडा.