सतोपंथाच्या वाटेवरील धर्म

श्रीबदरीनाथाचे दर्शन, तप्तकुंडातील स्नान आणि ब्रह्मकपाळी पितरांचे पिंडदान एवढे झाले की बहुतेकांची यात्रा पूर्ण होते. काही थोड्या यात्रेकरूंची दृष्टी मात्र मंदिराच्या मागे, अलकनंदेच्या उगमाकडे वळते. माणा गाव, पलीकडे वसुधारेचा शुभ्र प्रपात, त्यापुढे हिमनद्यांचा प्रदेश आणि सर्वांच्या शेवटी चौखंबा शिखराच्या पायथ्याशी असलेले सतोपंथ सरोवर. सत्याचा पंथ तो सतोपंथ, अशी या नावाची उकल केली जाते. त्याच्या पुढे हिमाच्या पायऱ्यांसारखी दिसणारी जी उतरंड आहे, तिला स्वर्गारोहिणी म्हणतात. पांडव याच मार्गाने गेले अशी उत्तराखंडातील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

अलीकडे आपल्याकडूनही वाटाड्या, तंबू आणि शिधा बरोबर घेऊन पाच-सहा दिवसांच्या या यात्रेस जाणाऱ्यांची संख्या वाढू लागली आहे. त्यांच्यासाठी हे चार शब्द. काय बांधून न्यावे याची यादी यात्रा नेणारे देतातच. कोणता धर्म बरोबर न्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाभारताचे सतरावे पर्व ते महाप्रास्थानिक पर्व. अवघ्या तीन अध्यायांचे हे पर्व अठरा पर्वांत सर्वांत लहान. परीक्षिताला हस्तिनापुरी आणि वज्राला इंद्रप्रस्थी स्थापून, वल्कले नेसून पाच पांडव आणि द्रौपदी निघतात. सातवा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग चालू लागतो. पृथ्वीप्रदक्षिणा करून ते उत्तरेस येतात, हिमवान ओलांडतात, वालुकार्णव पाहतात आणि मेरूचे दर्शन होत असता एकेक जण कोसळू लागतो. प्रथम द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि अखेर भीम. व्यासांनी या पतनांची स्थळे सांगितलेली नाहीत. ती लोकांनी सांगितली. चक्रतीर्थी अर्जुन पडला आणि सतोपंथापाशी भीम, असे तेथील वाटाडे दाखवितात. इतर स्थळांविषयी दोन वाटाड्यांचे एकमत होईलच असे नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

प्रत्येक पतनाच्या वेळी भीम कारण विचारतो. युधिष्ठिर कारण सांगतो आणि मागे न पाहता पुढे चालतो. हा प्रसंग कीर्तना-प्रवचनांतून आपण इतक्या वेळा ऐकला आहे की ‘मागे न पाहणे’ हेच या वाटेचे शील होय, अशी आपली समजूत झाली आहे. जो थकला तो राहिला, ज्याचे पुण्य सबळ तो पोहोचला, असे आपण सहज म्हणून जातो. भाविकहो, साडेचार हजार मीटर उंचीवर ही समजूत माणसाचा जीव घेऊ शकते. शिवाय ती मूळ कथेलाही धरून नाही.

कथेत पुढे काय होते ते पाहावे. इंद्र रथ घेऊन येतो. तेव्हा युधिष्ठिराचे पहिले बोल स्वतःविषयी नाहीत, मागे पडलेल्यांविषयी आहेत. भाऊ आणि द्रौपदी यांच्यावाचून मला स्वर्ग नको, असे तो म्हणतो. ते देह ठेवून आधीच पोहोचले आहेत, असे इंद्र सांगतो. मग प्रश्न उरतो कुत्र्याचा. त्याला सोड, असे इंद्र परोपरीने विनवितो आणि अखेरीस अत्यंत बोचरा प्रश्न टाकतो. भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग या कुत्र्याचाच मोह का? युधिष्ठिराचे उत्तर प्रत्येक यात्रेकरूने मनावर कोरून ठेवावे असे आहे. ते मृत झाले होते, त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. जो विश्वासाने मागे येतो त्याचा त्याग करणे हे महापातकांच्या तोडीचे होय, असेही तो स्पष्ट सांगतो.

जिवंत असताना सोडले नाही. सतोपंथाच्या वाटेवरील सगळा धर्म या एका वाक्यात आहे.

आता या वाटेचे स्वरूप समजून घेऊ. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च माथ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आपण मोटारीत बसल्या बसल्या येऊन पोहोचतो. तेथून पहिला मुक्काम बहुधा लक्ष्मीवनात. भूर्जवृक्षांचे हे शेवटचे बन. यापुढे झाड नाही. उंची सुमारे ३,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी सहस्रधारेवरून, कड्यावरून उतरणारे असंख्य ओहोळ पाहत चक्रतीर्थाच्या कुरणात, म्हणजे सुमारे ४,२०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी खड्या चढाने हिमनदीने लोटून आणलेल्या दगडांच्या धारेवर यावयाचे आणि पलीकडे अकस्मात ते त्रिकोणी, हिरवट निळे पाणी दिसते. एकादशीस ब्रह्मा, विष्णू आणि महेश त्याच्या तीन कोनांवर स्नानास येतात अशी श्रद्धा आहे. तेथे तंबू ठोकून रात्र काढली जाते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी.

देहाला या विरळ हवेची सवय होण्यास वेळ लागतो आणि तो वेळ श्रद्धेने, व्यायामाने किंवा पैशाने कमी होत नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण नियम आहे. बदरीनाथाहून लक्ष्मीवन हा टप्पाच या मर्यादेबाहेर जातो. यास्तव जोशीमठास एक आणि बदरीनाथास किमान दोन रात्री राहिल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. ज्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे दिवस कापलेले असतील, त्यांनी दिवस वाढवून मागावेत. ते न मिळाल्यास वसुधारेपर्यंत जाऊन परतावे. (वसुधारेचे तुषार पापी माणसाच्या अंगावर पडत नाहीत अशी समजूत आहे. वाऱ्याची दिशा पाहून ज्याने त्याने आपापला निर्णय करावा.)

डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे होत. ती दिसताच अधिक वर चढावयाचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, बोलण्यात असंबद्धता, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे, ही धोक्याची चिन्हे. येथे सकाळची वाट पाहावयाची नाही. रात्र असो वा पाऊस, रोग्याला धरून खाली उतरावयाचे. बरोबर प्राणवायू वा औषध असेल तर ते अवश्य द्यावे, परंतु त्यासाठी उतरणे थांबवू नये, कारण खरा उपाय उतरणे हाच आहे.

हे सर्व वाटाड्या जाणतो. अडचण अशी की, यात्रेकरू त्याला खरे सांगत नाही. मनात संकल्प असतो, घरून निघताना लोकांनी पाया पडलेले असतात, पुन्हा येणे होईल न होईल ही हुरहुर असते. चक्रतीर्थी रात्री तंबूबाहेरून वाटाड्या विचारतो, ‘कैसे हो, माताजी?’ आणि आतून उत्तर जाते, ‘ठीक हूँ. थोडासा सिर भारी है.’ हे उत्तर नीट पारखून पाहावे. द्रोणवधाच्या वेळी ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना युधिष्ठिरही तसा पूर्ण खोटे बोलला नव्हता. पण ज्याचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, त्याचा रथ त्या अर्ध्या सत्याने जमिनीला टेकला, आणि त्याचसाठी त्याला पुढे नरकाचे दर्शन घ्यावे लागले. सत्याच्या पंथावर चालताना स्वतःच्या दुखण्याविषयी अर्धसत्य बोलणे हा केवढा विसंवाद! त्या अर्धसत्याचे मोल मध्यरात्री सोबतचे लोक आणि पाठीवर ओझे वाहणारे भारवाहक फेडतात.

‘या पुण्यभूमीत देह पडला तर मोक्षच’, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की, पांडव राज्याची व्यवस्था लावून, सर्व ऋणे फेडून निघाले होते. आपण परतीचे तिकीट काढून निघालेले गृहस्थाश्रमी आहोत. धर्मशास्त्राने तर महाप्रस्थानगमन हे कलियुगात वर्ज्य ठरविलेल्या गोष्टींत घातले आहे. तेव्हा या वाटेवर मरण पत्करण्यास शास्त्राचा आधार शोधू नये.

आता भारवाहकांविषयी. आपला तंबू, आपला स्टोव्ह, आपले तांदूळ-डाळ हे सर्व कोणाच्या तरी पाठीवरून सतोपंथास पोहोचते. कोणी माणाचा असतो, कोणी नेपाळातून आलेला असतो. आपण काठी टेकत ज्या दगडांवरून तोल सांभाळतो, त्यांवरूनच तो दुप्पट-तिप्पट ओझे घेऊन जातो. पाहावयाचे ते त्याचे पाय. ज्या थंडीसाठी आपण पुण्या-मुंबईहून लोकरीचे थर गोळा करतो, त्याच थंडीत तो पातळ बुटांनी चालतो आणि रात्री एखाद्या कपारीत प्लास्टिकच्या कापडाखाली झोपतो, असे अनेकदा घडते. सप्टेंबरअखेरीस तेथे रात्री पाणी गोठते. उंचीचा त्रास त्यालाही होतो, परंतु मजुरी बुडेल या भयाने तो आपल्याहूनही अधिक लपवितो. बदरीनाथहून निघण्यापूर्वी त्याचे बूट, त्याचे पांघरूण आणि त्याच्या झोपण्याची सोय यात्रेकरूने स्वतः डोळ्यांनी पाहावी. ते यात्रा नेणाऱ्याचे काम आहे असे म्हणून मोकळे होऊ नये. तो आजारी पडल्यास त्याला एकटा खाली पाठवू नये. यात्रेकरूला उतरविताना बरोबर जितकी माणसे दिली असती, तितकीच त्याच्याबरोबरही द्यावीत.

माणसाची तुलना कथेतील श्वानाशी केली असा कोणी समज करून घेऊ नये. त्या श्वानाच्या रूपाने प्रत्यक्ष यमधर्म चालत होता, आणि हस्तिनापुरापासून मेरूपर्यंत तो कोण आहे हे कोणासही ओळखू आले नाही, हे लक्षात घ्यावे. प्रकट झाल्यावर धर्म युधिष्ठिराला द्वैतवनातील जुनी आठवण देतो. तेथे यक्षाने एकच भाऊ जिवंत करण्याचे मान्य केले असता, युधिष्ठिराने भीम-अर्जुन सोडून नकुल मागितला होता, माद्रीचाही एक पुत्र राहावा म्हणून. म्हणजे दोन्ही परीक्षांत प्रश्न एकच होता. ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याची आठवण तुला राहते काय?

या प्रदेशातील डोंगर कोणाची गय करीत नाहीत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या वसतीवर हिमकडा कोसळला आणि आठ कामगारांना प्राण गमवावे लागले. हिवाळ्यात माणाचे ग्रामस्थही खाली उतरून जातात. अशा दिवसांत हे कामगार बर्फ हटवून रस्ता मोकळा ठेवण्यासाठी तेथे राहिले होते. बदरीनाथासमोर हात जोडताना त्यांचेही स्मरण करावे.

माणा गावात सरस्वतीवर एक अजस्र शिळा आडवी पडलेली आहे. तिला भीमपूल म्हणतात. द्रौपदीला प्रवाह ओलांडवेना म्हणून भीमाने ती शिळा टाकली, अशी कथा आहे. स्वर्गाची वाट धरताना पांडवांनी पहिले काम केले ते जिला पलीकडे जाता येत नव्हते तिच्यासाठी थांबण्याचे, असे ही लोककथा सांगते. आषाढी वारीत दिवे घाट चढताना दिंडीतील तरणी माणसे म्हाताऱ्यांच्या पावलाने चालतात, त्याच जातीची ही कथा आहे.

समजा, चक्रतीर्थी आईला धाप लागली आणि मुलगा तिला घेऊन उतरला. सरोवर दोन-तीन तासांवर होते, आकाश निरभ्र होते, बरोबरीचे सगळे पुढे गेले. त्या मुलाची यात्रा अपुरी राहिली काय? याचे उत्तर स्वर्गारोहण पर्वात आहे. स्वर्गात गेलेल्या युधिष्ठिराला देवदूत एका दुर्गंधीच्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. तो परत फिरणार तोच आर्त स्वर येतात की क्षणभर थांब, तुझ्यामुळे आम्हांला बरे वाटते. ते स्वर भावांचे आणि द्रौपदीचे आहेत, हे कळताच तो देवदूताला निरोप देतो आणि नरकातच राहावयाचे ठरवितो. हाती आलेला स्वर्ग त्याने कुत्र्यासाठी एकदा नाकारला होता. आता आप्तांसाठी तो दुसऱ्यांदा सोडला. आईला घेऊन उतरणारा मुलगा आपल्या परीने तेच करतो.

जे पुढे जातील त्यांच्यावरही एक कर्तव्य येते. सरोवराचे पावित्र्य जपावे, साबण लावू नये, निर्माल्य आणि प्लास्टिक परत आणावे. पुढील चंद्रकुंड-सूर्यकुंडाकडील वाट उघड्या हिमनदीवरून जाते. वाटाड्याने नको म्हटल्यास हट्ट धरू नये. आणि स्नानाचा संकल्प सोडताना, जे चक्रतीर्थावरून किंवा लक्ष्मीवनातून उतरले, त्यांचे नाव-गोत्र आवर्जून उच्चारावे. जो तीर्थास येऊ शकला नाही त्याची दर्भाची प्रतिकृती करून तिला तीर्थजलात स्नान घालावे, असा विधी धर्मशास्त्रात सांगितलेला आहे. त्यासाठी थोडे दर्भ घरूनच बांधून न्यावेत, कारण लक्ष्मीवनाच्या वर ते मिळणार नाहीत. आणि तीर्थ आणण्यासाठी घट्ट झाकणाच्या दोन बाटल्या न्याव्यात, एक घरच्या देवासाठी आणि दुसरी खाली वाट पाहत बसलेल्यांसाठी.

॥ जय बदरीविशाल ॥